मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगचा प्ले (ढिलाई) जात नाही

स्टिअरिंग मधोमध असताना दोन-अडीच इंच नुसतंच फिरतं, चाकं हलतच नाहीत. दोन्ही टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं) घरीच बदलले, तरी तेच. मुलाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगून गाडीखाली शिरलो. स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचे गिअर असलेल्या पेटीचा) वरचा शाफ्ट लगेच फिरतो, पिटमन आर्म (बॉक्सच्या खालून निघून चाकांकडे हालचाल नेणारा दांडा) मात्र उशिरा हलतो. म्हणजे झीज बॉक्समध्येच ना? अ‍ॅडजस्टिंग स्क्रू (बॉक्समधली ढिलाई कमी करणारा) थोडा आवळावा का? जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, त्याचीच भीती वाटते.

शिवाय टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) ऑइल झिरपून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या गरम पाइपवर) पडतं, जळका वास येतो. गास्केट (झाकणाखालचं सील) नवीन आहे. बोल्ट आवळून कव्हरची कड वाकली असेल का?

गाडी तोवर उभीच ठेवलीय. कुणी स्वतः हे काम केलं असेल तर कृपया सांगा.