भावाची पानथरी काढली, लसीचं कुणी सांगितलंच नाही

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची बाईक खानापूर रोडवर उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकली, ट्रॉलीला मागं लाइटच नव्हता. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या, वरनं जखम काय बी दिसत नव्हती पण तासाभरात बीपी उतरत गेला, स्कॅनमध्ये पोटात रक्त, पानथरी (प्लीहा, पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असते ती) फुटलेली. रात्रीच काढावी लागली. आज नववा दिवस, घरी आणलाय. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लसीचं काहीतरी लिहिलंय, आई म्हणते लस लहान पोरांना असते. पोरगा २४ वर्षांचा, गोव्यात कामाला. कायमचा अशक्त राहणार काय वो?

निपाणीची ताई:
दादा मी नर्स आहे, ही लस चुकवू नका. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब असल्या जाड कवचाच्या जंतूंना रक्तातनं गाळून मारायचं काम मुख्य पानथरीचं, ती गेली की लसीचाच आधार. अचानक ऑपरेशन झालेल्यांना साधारण १४ व्या दिवशी देतात, म्हणजे तुमच्या हातात पाच दिवस आहेत. तालुक्याला मिळतीलच असं नाही, बेळगावात आधी फोन करून विचारा. काही लसींचे डोस पुढं परत लागतात, फ्लूची दरवर्षी, तारखा लिहूनच घ्या. आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वाढलेत का ते पण तपासून घ्या, त्यानं गुठळी होऊ शकते, पाय सुजला तर लगेच दाखवा.

फणसवाडी:
माझी २०१३ ला गेली, फणसावरनं पडलो होतो. अशक्त बिशक्त काय नाही, आज बी शेतात राबतो. खरी भीती तापाची. तीन वर्षांनी एकदा दुपारी थंडी वाजून ताप आला, गोळी घेऊन झोपलो, रात्री बायकोला ओळखंना झालो. आठ दिवस आयसीयूत. तवापासनं डॉक्टरांनी लिहून दिलेली अँटिबायोटिक कायम खिशात, ताप आला की पहिला डोस घ्यायचा आणि त्याच पावली दवाखाना, सकाळपर्यंत थांबायचं नाही. कुत्रं चावलं तरी तसंच, रेबीजचं इंजेक्शन तर आहेच, शिवाय अँटिबायोटिक लागते. गोव्यात मच्छरदाणीशिवाय झोपू देऊ नका, आपल्यासारख्यांना मलेरिया जड जातो. पाकिटात 'पानथरी काढली आहे' अशी चिठ्ठी ठेवा, मराठीत, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये पण. मला नेलं तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरला मराठी येत नव्हतं आणि बायकोला कन्नड, त्यात अर्धा तास गेला.

खानापूरकर:
ताई, दादा, लय उपकार झाले. उद्या दवाखाना उघडला की लसीचं विचारतो, आणि ताप आला की घ्यायची ती अँटिबायोटिक पण लिहून घेतो. कन्नड चिठ्ठी शेजारच्या सरांकडनं आत्ताच लिहून आणली.