मस्टँगच्या मागच्या ॲक्सलला कोणता रेशो घालू? ३.५५ की ३.७३? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

डेट्रॉइटजवळ राहतो. गेल्या वर्षी १९९० ची फोर्ड मस्टँग एलएक्स घेतली. ५.० लिटर व्ही-८, पाच गिअरचा टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्स. झाकून ठेवायला घेतलेली नाही; रस्त्यावर बर्फ आणि मीठ नसलं की रोज ऑफिसला तीच.

अडचण पाचव्या गिअरची आहे. वुडवर्डवर (इथला मोठा रस्ता) ताशी ४५ मैलांवर पाचवा टाकला की आरपीएम ११०० वर येतो आणि गाडी रडायला लागते. मग चौथ्यातच फिरायचं. सिग्नलवरून उचलतानाही हाफ क्लच जरा जास्तच द्यावा लागतो. म्हणून मागच्या ॲक्सलचा रेशो वाढवायचाय. रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) किती फेरे; आकडा मोठा तशी ओढ जास्त, पण आरपीएमही जास्त.

डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधली गिअरपेटी) झाकणाच्या बोल्टखाली गंजकी पट्टी आहे, तिच्यावर '२एल७३' वाचता येतं. म्हणजे २.७३, आणि मधला एल लिमिटेड स्लिपचा (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल). तरी खात्री केली. मागची दोन्ही चाकं उचलली, गिअर न्यूट्रलला, प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ. चाकांचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत शाफ्ट पावणेतीन फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबला. पट्टी खरं बोलते.

टायर २२५/६०आर१५, पाचवा गिअर ०.६८. या हिशोबाने ताशी ७० मैलांना आत्ता १७०० आरपीएम पडतात. ३.५५ ला २२२० होतील, ३.७३ ला २३३०, ४.१० ला २५६०. पहिला गिअर ३.३५ चा आहे, म्हणजे ॲक्सल धरून आत्ता ९.१५, ३.५५ घातला तर ११.९.

एका गॅरेजवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, ४.१० शिवाय काही घालूच नका. पण बाबांची जुनी सीजे-३बी जीप आठवते, ॲक्सलमधल्या छोट्या गिअरला ८ आणि मोठ्याला ४३ दाते, म्हणजे रेशो ५.३८. घाटात तिला तोड नव्हती. सपाट रस्त्यावर मात्र कानठळ्या. तसं नकोय. रोज वापरणाऱ्यांनी सांगा.

प्रतिसाद १

४.१० ड्रॅग स्ट्रिपवाल्यांना (सरळ पट्टीवर शर्यत लावणाऱ्यांना) राहू द्या. तुमचा पहिला गिअर ५५०० आरपीएमला जेमतेम ताशी ३० मैलांवर संपेल. चौक ओलांडेपर्यंत दुसरा टाकायचा, आणि त्याआधी टायर जाळायचे. ३.५५ आणि ३.७३ मध्ये हायवेला शंभर-सव्वाशे आरपीएमचा फरक, म्हणजे पाच टक्के. त्यावर झोप घालवू नका. टायर मोठे करणार असाल तरच ३.७३.

प्रतिसाद २

रेशो नंतर, आधी फिटिंगवाला शोधा. क्राऊन (ॲक्सलमधला मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा) जोडीनेच येतात, जोडीनेच बदलायचे. पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) टाकून बसवतात, दात्यांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघतात. ठसा दात्याच्या कडेला गेला तर ताशी ५० मैलांना शिट्टी वाजणारच, रेशो कुठलाही असो. पिनियनची क्रश स्लीव्ह (आवळताना एकदाच दबणारी नळी) जुनी परत वापरू देऊ नका. तेलात लिमिटेड स्लिपचं ॲडिटिव्ह घाला, नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून कडकड ऐकाल. पहिल्यांदा १५-२० मैल निवांत चालवून पूर्ण थंड होऊ द्या. स्पीडोमीटर विसरू नका!

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. पुढे २४५/४५आर१७ घालायचा विचार आहे, पण मोजून बघितलं तर उंची जवळपास तीच भरते. म्हणजे ३.५५ ठरलं. फिटिंगवाल्याला आधी विचारणार, ठशाचा फोटो देशील का. नाही म्हणाला तर दुसरा बघतो.

स्पीडोमीटरचं मात्र डोक्यात नव्हतं. ३.५५ ने काटा तीस टक्के पुढे पळेल, खरे ६० असताना ७८ दाखवेल, ओडोमीटरही तसंच. केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा गिअर बदलायचा हे कळलं, पण गिअरबॉक्समधला त्याचा जोडीदार ७ दात्यांचा की ८ चा, हे टेलशाफ्ट (गिअरबॉक्सचं मागचं टोक) न उघडता कसं ओळखायचं? कुणी केलंय का?