मदत हवी आहे: पोलीस केसमुळे सोसायटीचा फॉर्म अडलाय, शनिवारपर्यंत द्यायचाय

घरशोध
नवीन फ्लॅट ठरलाय. मालक तयार आहे, टोकन द्यायचं बाकी आहे. सोसायटीच्या फॉर्मवर प्रश्न आहे: 'तुमच्याविरुद्ध गुन्हा दाखल किंवा प्रलंबित आहे का?' आधीच्या घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद झाला, त्याने माझ्यावर केस केली आहे. 'हो' लिहिलं तर घर जाणार. 'नाही' लिहिलं तर चालेल का? कृपया नेमकं सांगा, वेळ नाहीये.

तळटीप
केस म्हणजे काय? एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) की एफआयआर? कलमं कोणती? दोषारोपपत्र दाखल झालंय का? कोर्टाचं समन्स आलंय का? एवढं कळल्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजाचंच असेल.

सभासदहक्क
मुळात सोसायटीला हा फॉर्म मागायचा अधिकार काय? मालक त्याचा फ्लॅट भाड्याने देतोय. सोसायटी फार तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर घेतलं जाणारं) घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. २००१ चा शासन आदेश आहे. चेअरमनला आधी लेखी विचारा.

दारावरची_पाटी
पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे. ती नुसती माहिती असते, परवानगी नव्हे. त्यामुळे 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा. कोण तपासतंय?

तळटीप
कोणीही तपासू शकतं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर जिल्हा, न्यायालय, वर्ष आणि नाव टाकलं की खटला दिसतो. एनसी तिथे दिसत नाही, पण फॉर्मवरचं खोटं उत्तर करारासोबत मालकाच्या फायलीत राहतं. उद्या काही बिनसलं की तोच कागद लायसन्स, म्हणजे घर वापरण्याचा करार, रद्द करण्याचं कारण होतो. असा सल्ला देऊ नका.

दारावरची_पाटी
एनसी असेल तर ते सांगायची गरजच नाही. अदखलपात्र नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे.

तळटीप
फॉर्मवर शब्द कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. 'शिक्षा झाली आहे का' असं असेल तर सरळ 'नाही'. इथे 'दाखल किंवा प्रलंबित' आहे, आणि ते वाचणारा चेअरमन कायदेपंडित नाही. एक ओळ लिहा: 'शिक्षा नाही, दोषारोपपत्र नाही, एक अदखलपात्र नोंद आहे, प्रत जोडली आहे.'

घरशोध
कागद पाहिला. एनसीच आहे, मागच्या महिन्यातली. भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२) आणि ३५२. चौकीत एकदा बोलावलं होतं, समन्स नाही.

तळटीप
मारहाण आणि शिवीगाळ. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस यात तपास करू शकत नाहीत. ११५(२) ची दखल घ्यायला १ वर्षाची मुदत असते आणि ३५२ ला ३ वर्षांची, म्हणजे नोंद लगेच निकालात निघाली असं समजू नका. एनसीनंतर बऱ्याचदा चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, लावतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली. सहायक पोलीस आयुक्त किंवा तहसीलदारांची नोटीस आली आहे का? शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतलंय का? ती शिक्षा नसते, पण प्रलंबित असेल तर तेही लिहावं लागेल.

घरशोध
पोलिसांची नाही. भाडे कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याची एक नोटीस आलीय, घर खाली करण्याबद्दल. ती तर दिवाणी आहे ना, म्हणून लिहिली नाही.

करारनामा
थांबा. म्हणजे तुम्ही अजून त्याच घरात राहताय? करार कधी संपला? नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली?

घरशोध
हो, अजून तिथेच. करार संपून ३ महिने झाले. नोटीस येऊन २२ दिवस. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,०००. भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायला मालक तोंडी हो म्हणाला होता, म्हणून ३ महिने दिलेलं नाही.

करारनामा
मग फॉर्म बाजूला ठेवा. तुमच्या हातात ८ दिवस आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. समन्स, म्हणजे तुमची ही नोटीस, मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते, कलम ४३. मागितली नाही तर मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असं धरून घर खाली करण्याचा आदेश होतो. 'तोंडी हो म्हणाला' यावर विसंबू नका. कलम २४ मध्ये लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला आहे.

आणि तुमचा हिशोब चुकला आहे. तुम्ही ५४,००० वळते करून ६,००० परत येतील असं धरलंय. करार संपल्यावर दुप्पट दराने भरपाई लागते. ३६,००० गुणिले ३, म्हणजे १,०८,०००. डिपॉझिट वजा केलं तरी ४८,००० तुमच्याच अंगावर. दर महिन्याला त्यात ३६,००० ची भर.

सभासदहक्क
करार नोंदवलेला होता की नोटरी केलेला? नोंदणी मालकाची जबाबदारी आहे, कलम ५५. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरतात.

घरशोध
ऑनलाइन नोंदवला होता, अंगठे घेऊन.

करारनामा
मग नोंदणी नसल्याचा मुद्दा तुम्हाला मिळणार नाही. दोन गोष्टी एकाच वेळी करा. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र मुदतीत दाखल करा. ते दाखल झाल्यावरच जुन्या मालकाशी संमतीपत्राचं, म्हणजे दोघांना मान्य अटी लिहून प्राधिकाऱ्याकडे देण्याचं, बोला, आधी नको, नाहीतर बोलण्यात मुदत जाईल. त्यात तीन मुद्दे हवेत: तुम्ही अमुक तारखेला किल्ल्या देणार, मालक दुप्पट भरपाईचा दावा सोडणार, डिपॉझिटमधून किती कापणार. एनसीबद्दल 'तक्रार पुढे चालवायची नाही' असा अर्ज मालकाने चौकीत द्यावा आणि पोच घ्यावी. किल्ल्या देताना ताबा पावतीवर सही, तारीख आणि मीटरचं रीडिंग घ्या. तो किल्ल्या घेत नसेल तर तसं पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा.

या संमतीपत्रावर झालेला आदेश नव्या मालकासाठी सर्वांत उपयोगी कागद आहे. आत्ता नव्या मालकाला खरं सांगा आणि ताब्याची तारीख पुढे मागा. टोकन द्यायचंच असेल तर 'सोसायटीने नाकारल्यास पूर्ण परत' हे लेखी घ्या.

दारावरची_पाटी
हे सगळं ऐकून कोणता मालक घर देईल?

तळटीप
मालकाला भीती एकाच गोष्टीची असते, मुदत संपल्यावर माणूस निघणार नाही याची. नेमकी तीच नोटीस यांच्यावर आहे. ती मिटल्याचा कागद दाखवला तर बोलता येईल, लपवली तर कायमचा विश्वास जाईल.

घरशोध
वकिलाला फोन केला, उद्या सकाळी ११ ला बोलावलंय. सोबत काय नेऊ?

करारनामा
नोंदणीकृत करार, भाडं भरल्याचं बँक स्टेटमेंट, डिपॉझिटबद्दल मालकाशी झालेले मेसेज, एनसीची प्रत. आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट. ३० दिवस ती हातात पडल्यापासून मोजतात, नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नाही.