ऑफिसमधल्या लोकांबरोबर भावनेप्रमाणे आवडती गाणी शेअर करायचीत, कशी करावीत?

मध्यलय:
नमस्कार मंडळी. आमच्या टीममध्ये पंधराएक जण आहेत, निम्मे ऑफिसला येतात निम्मे घरून काम करतात, त्यामुळे बऱ्याच जणांची ओळख मीटिंगपुरतीच. कुणाला काय आवडतं, कोण कशाने हळवं होतं, काही पत्ता नाही. म्हणून सुचलं की दर आठवड्याला एक भावना घ्यायची, आनंद, राग, उदासी, भीती, शांतता वगैरे, आणि ज्याला वाटेल त्याने तिला जुळणारं आपलं आवडतं एक गाणं ग्रुपवर टाकायचं, हळूहळू सगळ्यांची मिळून प्लेलिस्ट होईल. मॅनेजर हो म्हणाल्यात, फक्त कामाचा वेळ जायला नको एवढीच त्यांची अट.

आता अडलंय कुठे ते सांगते. एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे की ऑफिसात रडकी गाणी नकोत, सगळं उत्साहाचंच ठेवू. मला हे अजिबात पटत नाही, कारण मग त्यातून माणसं कळणारच नाहीत, नुसता ठेका ऐकू येईल. पण त्यांची काळजी खोटी आहे असंही नाही, कुणाला त्रास झाला तर? दुसरं म्हणजे जी मंडळी मुळातच कमी बोलतात त्यांच्यावर दडपण न आणता त्यांना यात कसं घ्यायचं? आणि भावना नेमक्या कुठल्या निवडाव्यात? गाण्यांची नावं नका सुचवू प्लीज, ती आमची आम्ही शोधू, पद्धत सांगा.

कानसेन:
भावनेचं नाव देऊच नका, प्रसंग द्या. 'आनंद' म्हटलं की जो तो नाचाचं गाणं टाकून मोकळा होतो, ते त्याचं आवडतं असेलच असं नाही, अपेक्षित असतं म्हणून टाकलेलं असतं. त्याऐवजी 'खूप दिवस रखडलेलं काम संपवून घरी निघालात तेव्हा काय लावाल' असं विचारून बघा, कुणी शांत बासरी टाकेल, कुणी कव्वाली टाकेल, आणि दोघांचाही तो आनंदच असेल. रागाचंही तसंच, 'भांडण झालंय आणि बोलायला शब्द सुचत नाहीयेत' असं विचारलंत तर जे येईल ते ऐकण्यासारखं असेल.

भावना कुठल्या म्हणाल तर आपल्याकडे तयार यादी आहे की. नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत, शांत हा नववा नंतर मानला गेला. ऑफिसात शृंगार आणि बीभत्स सोडून द्या, पण अद्भुत मात्र नक्की घ्या. त्याची आठवण कुणालाच होत नाही आणि संगीतात तो भरभरून आहे, ऐकता ऐकता एकदम अंगावर काटा येतो ना, तो.

काट्यावरून आठवलं, २००१ साली मॅकगिल विद्यापीठातल्या ब्लड आणि झातोरे या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात भाग घेणाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर हमखास काटा आणणारं संगीत स्वतः निवडून आणायचं होतं, आणि ते ऐकताना मेंदूत सुख देणारे भाग जास्त जागे होतात असं दिसलं. मला मोलाची वाटते ती त्यातली दुसरी गोष्ट, एकाचं आवडतं संगीत दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकवलं होतं, आणि त्या दुसऱ्याच्या अंगावर काटा वगैरे काही आला नाही. म्हणजे तुम्ही जीव ओवाळून टाकाल असं गाणं समोरच्याला साधंच वाटू शकतं, त्यात कुणाचाच दोष नाही. म्हणून गाण्यासोबत एक ओळ लिहायला सांगा, 'हे का'. 'दुसऱ्या कडव्याआधी सारंगी येते ती ऐका' एवढं लिहिलं तरी पुष्कळ. ती ओळ नसेल तर लोक पंधरा सेकंद ऐकून पुढे जातात.

हळवा_कोमल_रे:
करुण रस काढू नका, मनापासून सांगतेय. उदास गाणं ऐकलं की माणूस आणखी उदास होतो हे सरसकट खरं नाही, दुःखी संगीत ऐकताना लोकांना हुरहूर आणि बरं वाटणं दोन्ही एकदम जाणवतं असं अभ्यासातही आलंय, आणि ज्यांनी विरहाची भावगीतं ऐकलीत त्यांना ते कुणी सांगायला नको.

पण तुमच्या सहकाऱ्याची काळजी मी उडवून लावणार नाही. गाणं आणि आठवण इतकी घट्ट चिकटलेली असते की ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्याला चार सूरही सहन होत नाहीत. त्यामुळे दोन गोष्टी करा. एक, उदास आठवड्याची गाणी सगळ्यांसमोर वाजवू नका, लिंक टाका, ज्याला ऐकायचं तो आपल्या वेळेला ऐकेल. दोन, 'का' विचारताना गाण्यात काय आवडतं ते विचारा, आयुष्यात काय झालं ते नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकावं, खोदून विचारू नये, आणि त्याच्यावर लगेच सल्ले तर मुळीच देऊ नयेत.

आणि हे टीममध्ये आधीच बोलून ठेवा की गाणं म्हणजे आजचा मूड नव्हे. रागाचं गाणं टाकलं म्हणून तो माणूस रागावलेला आहे, उदास टाकलं म्हणून त्याचं कामात लक्ष नाही, असे अर्थ वरच्या लोकांनी काढायला लागले की पुढच्या आठवड्यापासून सगळे गुळगुळीत गाणी टाकतील आणि सगळा प्रकार तिथेच संपेल. मॅनेजरनी स्वतः आधी एखादं करुण गाणं टाकलं तर उत्तमच, बाकीच्यांना धीर येतो.

क्रमाचाही विचार करा. संगीतोपचारात जुनं तत्त्व आहे, १९४० च्या दशकात मांडलेलं, की माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिला जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करायची आणि हळूहळू जिथे जायचंय तिकडे न्यायचं. तुमची प्लेलिस्ट काही उपचार नाही, पण करुणनंतर थेट वीर रसावर उडी मारू नका, मध्ये शांत येऊ द्या, कानाला बरं वाटेल.

डेस्क_नंबर_नाही:
वरचं सगळं मान्य आहे, मी फक्त ऐकण्याच्या बाजूने लिहितो कारण ऑफिसात गाडी तिथेच अडते. गाणी शेअर करणं आणि काम करताना गाणी लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. शब्द असलेलं गाणं वाचताना किंवा लिहिताना आड येतं, कारण मेंदू एकाच वेळी दोन ठिकाणचे शब्द पकडायला बघतो, आणि भाषा आपली असली की जास्तच. हातच्या, त्याच त्या कामाला मात्र संगीताची चांगली सोबत होते. बीबीसीने १९४० मध्ये कारखान्यातल्या कामगारांसाठी खास रेडिओ कार्यक्रम सुरू केला होता, तो १९६७ पर्यंत चालला. अमेरिकेत म्युझॅक कंपनी तर पंधरा मिनिटं चढत्या जोमाचं संगीत आणि मग पंधरा मिनिटं शांतता अशा हिशोबाने ऑफिसांना संगीत पुरवायची. पण त्या सगळ्यात गाणी वरून कुणीतरी ठरवायचं आणि खालच्यांनी ऐकायचं, उत्पादन वाढावं म्हणून. तुमच्याकडे माणसं स्वतःचं काहीतरी देणार आहेत, मला हा फरक फार मोठा वाटतो, त्यामुळे यातून काम किती वाढलं हे मोजायच्या भानगडीत कुणालाही पडू देऊ नका.

स्पीकर नको, हेडफोनवर ऐका. आणि बारीकसारीक पण महत्त्वाचं, सगळ्यांकडे एकच ॲप नसतं, म्हणून लिंकसोबत गाण्याचं नाव, गायक किंवा गायिका, संगीतकार आणि कुठलं ध्वनिमुद्रण हे लिहायला सांगा. एकाच गाण्याची मैफलीतली प्रत आणि स्टुडिओतली प्रत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, लयच वेगळी असते कधीकधी. फाईली पाठवू नका, ते कायद्याने बरोबर नाही आणि ज्यांनी गाणं केलं त्यांच्यावरही अन्याय आहे.

मागची_रांग:
कमी बोलणाऱ्यांबद्दल विचारलंत म्हणून लिहितेय, मी त्यातलीच आहे. आमच्याकडे असाच उपक्रम झाला होता तेव्हा कुणी गाणं टाकलं नाही की त्याचं नाव घेऊन 'तुमचं राहिलं बरं का' असं सगळ्यांसमोर यायचं. हेतू वाईट नव्हता, पण त्या एका वाक्याने पोटात गोळा यायचा. आवडतं गाणं सांगणं ही आमच्यासारख्यांसाठी लहान गोष्ट नसते, ते जपलेलं असतं आणि त्यावर कुणी 'हे काय ऐकता तुम्ही' म्हटलं तर फार लागतं. तेव्हा आठवण करायचीच तर सगळ्यांना मिळून एकदाच करा, न टाकणाऱ्याला काही विचारू नका, आणि नुसतं ऐकणारा माणूसही सामील आहे असंच धरा.

गाणं निनावी टाकून कुणाचं ते ओळखायचा खेळ बरेच जण सुचवतात. मला तो नाही आवडत, कारण मग सगळं लक्ष माणूस ओळखण्याकडे जातं आणि गाणं बाजूला राहतं. मात्र ज्याला हवं त्याने तुमच्याकडे एकट्याने पाठवायचं आणि तुम्ही नाव न लिहिता टाकायचं ही सोय जरूर ठेवा. आणि प्रतिक्रिया द्यायला शिकवा म्हणा हवं तर, 'मस्त' म्हणून अंगठा दाखवण्यापेक्षा 'तो शेवटचा आलाप दोनदा ऐकला' असं कुणी लिहिलं ना, तर लिहिणाऱ्याला कल्पना नसते की समोरच्याला किती बरं वाटलंय.

वयाचंही लक्षात ठेवा. साधारण शाळा-कॉलेजच्या वयात ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर सगळ्यात जवळची राहतात, त्यामुळे पंचविशीतल्याची आणि पन्नाशीतल्याची गाणी वेगळी येणारच. 'जुनी गाणीच खरी' किंवा 'हे काय जुनाट' यातलं काहीही चालणार नाही एवढा एकच नियम कडक ठेवा.

मध्यलय:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. प्रसंग देण्याची कल्पना घेतलीच आणि नाव घेऊन आठवण करणार होते ते आता करणार नाही. करुण ठेवतेय, तिसऱ्या आठवड्यात, त्याच्यानंतर शांत. एक राहिलंच विचारायचं. टीममध्ये चार-पाच भाषांची माणसं आहेत. ज्यांना शब्द कळत नाहीत त्यांच्यापर्यंत भावना पोचेल का, की सगळ्यांना कळेल अशाच भाषेतली गाणी मागवू?

कानसेन:
अजिबात नको, आपापल्या भाषेतली येऊ द्या, खरी आवडती गाणी तिथेच असतात. भावना बरीचशी चाल, लय आणि आवाजातून पोचते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅमेरूनमधल्या माफा लोकांना, ज्यांनी पाश्चात्त्य संगीत कधी ऐकलेलंच नव्हतं, पियानोचे तुकडे ऐकवले होते. आनंदी कुठला, दुःखी कुठला, भीतीचा कुठला हे त्यांनी नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेळा बरोबर ओळखलं. पण थट्टा, लटका राग, आतून बोचणारी तक्रार असलं काही शब्दांशिवाय निसटतं, त्यासाठी टाकणाऱ्याने दोन ओळींत आशय लिहावा. अख्ख्या गाण्याचं भाषांतर नको, कोण कुणाला काय म्हणतंय एवढंच. आणि आधी न वाचता ऐका म्हणावं, मग आशय वाचून परत एकदा.

हळवा_कोमल_रे:
हे छान सांगितलंत. मध्यलय, पहिल्या आठवड्याला कुठला प्रसंग देताय?

मध्यलय:
'खूप दिवसांनी जुना मित्र किंवा मैत्रीण भेटणार आहे आणि तुम्ही वाटेत आहात.' सोमवारी सकाळी टाकते, शुक्रवारपर्यंत गाणी घेते. मॅनेजरना विचारलंय सगळ्यात आधी तुम्ही टाकाल का म्हणून, त्या हो म्हणाल्या.