शब्दचर्चा : अमेरिकेतल्या ‘पिकअप’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादवाली

मंडळी, एका अमेरिकी कथेचा अनुवाद करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. कथा टेक्ससमधली. नायक बँकेत नोकरीला. सकाळी मुलीला शाळेत सोडतो, तिथून कामावर, रविवारी सहकुटुंब चर्चला. हे सगळं जाणंयेणं ‘पिकअप ट्रक’मधून. कोशात पाहावं तर ‘मालवाहू मोटार’. ते घातलं की वाचणाऱ्याला वाटणार, हा बँक सुटल्यावर भाडी मारतो आणि पोरगी पोत्यांवर बसून शाळेला जाते. नुसतं ‘पिकअप’ म्हटलं तर आपल्या डोळ्यांपुढे टोमॅटोचे क्रेट. सरळ ‘गाडी’ लिहून मोकळं व्हावं, तर पुढे दोन पानं बायको त्याला त्याच गाडीवरून टोमणे मारते, त्यातली सगळी गंमत जाते. ‘ट्रक’चा तर विचारही नको, दहाचाकी उभा राहतो. काय करू?

चिंचवडकर

ताई, आधी मराठीतल्या ‘पिकअप’ची गर्दी बघा. ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणजे ती वेग घेत नाही. एसटीची वाट बघत उभे राहतो ती पिकअप शेड. कंपनीची बस जिथून उचलते तो पिकअप पॉइंट. आणि मालाची ती पिकअप. तिचं लिंगही पक्कं नाही. मनात ‘गाडी’ असेल तर पिकअप उलटली, मनात ‘टेम्पो’ असेल तर पिकअप उलटला. पेपरवाले सावधपणे ‘पिकअप जीप’, ‘पिकअप व्हॅन’, ‘पिकअप टेम्पो’ असं शेपूट लावतात.

त्यातला ‘टेम्पो’ तर मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली आणि विशेषनामाचं सामान्यनाम झालं. २००५ साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही उतरला नाही. त्याच वर्षी टाटांची ‘एस’ ही छोटी मालगाडी आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. आपल्याकडे असल्या गाडीचं नाव कंपनीवरून पडतं नाहीतर अंगलटीवरून. मालकाच्या ऐटीवरून कधी पडलेलं नाही, आणि तुमच्या कथेत नेमकी तीच ऐट आहे.

जुनी मोटार

अमेरिकेतही ही गाडी कामाचीच होती हो. सुरुवातीला शेतकरी मोटार घ्यायचा आणि मागचा भाग काढून तिथे लाकडी पेटी ठोकून घ्यायचा. फोर्डनं १९२५ साली ती पेटी कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. मॉडेल टी रनअबाउट, पिकअप बॉडीसह, किंमत २८१ डॉलर, इंजिन २० अश्वशक्तीचं. म्हणजे ‘पिकअप’ हे तेव्हा पेटीचं विशेषण होतं, जाताजाता माल उचलायची पेटी. पुढे पेटीचं नाव सबंध गाडीला चिकटलं.

१९४८ मध्ये फोर्डची एफ मालिका आली, तेव्हाही केबिन म्हणजे पत्र्याचं खुराडंच. एक सलग बाक, हीटर हवा तर वेगळे पैसे. पहिली वळणं पन्नाशीच्या दशकातली. १९५५ ला शेव्हर्लेनं कॅमिओ कॅरियर काढली, हौद्याच्या बाजू मागच्या चाकांवरून सपाट नेलेल्या, दोन रंगांत रंगवलेली. फार खपली नाही, पण मालाची गाडी देखणी असू शकते हे लोकांनी पाहिलं. १९५७ ला फोर्डनं रँचेरोत मोटारीच्याच सांगाड्यावर हौदा बसवला. आणि शब्दचर्चेच्या दृष्टीनं सगळ्यात रंजक तीच १९५७ ची इंटरनॅशनल हार्वेस्टरची ट्रॅव्हलेट. ड्रायव्हरच्या मागे दुसरी रांग, कामगारांची टोळी बसवून साइटवर न्यायला. इंग्रजीत त्या टोळीला ‘क्रू’, म्हणून असल्या केबिनीला ‘क्रू कॅब’. आज त्याच क्रू कॅबमध्ये मागे लहान मुलांच्या पट्ट्यांच्या खुर्च्या बांधलेल्या असतात. टोळी गेली, नाव राहिलं.

नुसत्या हौसेनं एवढं झालं नसतं, त्यामागे कायदा आहे. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली. त्याचा सूड म्हणून अमेरिकेनं १९६४ पासून काही आयात मालावर २५ टक्के जकात लावली. त्या यादीत हलके ट्रक होते. बाकीच्या वस्तू पुढे सुटल्या, ट्रकवरची जकात तशीच राहिली. लोक तिला अजून ‘चिकन टॅक्स’च म्हणतात. बाहेरच्या पिकअपला दार बंद झालं आणि घरच्या कंपन्यांना अंगण मोकळं मिळालं.

दुसरा कायदा १९७५ चा. तेलाच्या टंचाईनंतर गाड्यांच्या सरासरी मायलेजची अट आली, पण मोटारींना एक माप आणि हलक्या ट्रकना दुसरं, सैल. १९९६ ते २००४ या काळात मोटारींना गॅलनला २७.५ मैल आणि हलक्या ट्रकना २०.७. पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर जो जादा कर बसला, त्यातूनही ट्रक सुटले. शिवाय ६,००० पौंडांहून जड गाडी धंद्याची म्हणून दाखवली की आयकरात घसघशीत वजावट. विचार केला तर कामाच्या माणसाला दिलेल्याच सवलती. पण कंपन्यांच्या लक्षात आलं, की कागदोपत्री ‘ट्रक’ असलेली गाडी आतून दिवाणखान्यासारखी केली तर सवलतही मिळते आणि नफाही. तेवढ्यासाठी तो शब्द टिकवणं त्यांच्या फायद्याचं होतं.

शब्दाची किंमत किती असते याचे नमुने बघा. सुबारूनं १९७८ ला ब्रॅट नावाची छोटी पिकअप अमेरिकेत आणली, तेव्हा उघड्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठोकल्या, तोंड मागे. का, तर खुर्च्या आहेत म्हणजे ही प्रवासी गाडी, जकात कमी! पुढे फोर्डनंच हे केलं. तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन आणताना मागे बाकं लावून ‘प्रवासी’ म्हणून बंदरात उतरवायच्या आणि लगेच बाकं काढून मालाच्या व्हॅन म्हणून विकायच्या. खटला चालला, २०१९ ला अपील न्यायालयात निकाल फोर्डच्या विरोधात गेला आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हे सगळं ‘ही गाडी माणसांची की मालाची’ एवढ्या प्रश्नावर. आपण इथे फुकटात भांडतोय.

ह्यूस्टनकर

टेक्ससमधूनच लिहितोय. जुनी मोटार यांनी इतिहास दिला, मी रोजचं सांगतो. इथे कुणी ‘पिकअप’ असं फारसं म्हणत नाही. सरळ ‘माय ट्रक’. ऑफिसच्या पार्किंगमध्ये वकील, दंतवैद्य, सॉफ्टवेअरवाले, सगळ्यांचे ट्रक. खऱ्या मोठ्या ट्रकला ‘एटीन-व्हीलर’ किंवा ‘सेमी’ म्हणतात, कारण ‘ट्रक’ हा शब्द या लोकांनी अडवून ठेवलाय.

उलटी गंमत अशी, की जी खरंच कामाची, साध्या सीटची, साध्या चाकांची पिकअप, तिला आता वेगळं विशेषण लावावं लागतं : ‘वर्क ट्रक’. शेव्हर्लेच्या सिल्व्हराडोत तर सगळ्यात स्वस्त प्रकाराचं अधिकृत नावच डब्ल्यूटी, म्हणजे वर्क ट्रक. ट्रक आणि काम हे वेगळं सांगायची वेळ आली! आणि महागड्या प्रकारांची नावं कुठली? फोर्डची किंग रँच (टेक्ससमधल्या खऱ्या, अवाढव्य गुरांच्या रानाचं नाव), रॅमची लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांचे बैल. जितकी गाडी मातीपासून लांब, तितकं नाव गोठ्याजवळचं.

हौद्याचं म्हणाल तर पूर्वी आठ फुटी हौदा ही साधी गोष्ट होती. चार बाय आठचा प्लायवूड सपाट झोपला पाहिजे, हे माप. आता फोर्डच्या चार दारांच्या एफ-१५० ला बहुतेक वेळा साडेपाच फुटी हौदा असतो. प्लाय बाहेर लोंबतो आणि फाळका उघडा ठेवून लाल फडकं बांधावं लागतं. माझ्या शेजाऱ्याच्या हौद्यावर गुंडाळायचं काळं झाकण आहे. त्याखाली घडीच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी. वर्षातून एकदा कुणाचं तरी सामान हलवायला तो ट्रक कामी येतो आणि त्याचं कौतुक पुढचं वर्षभर चालतं. अर्थात बोट ओढणारे, घोड्यांची गाडी ओढणारेही भरपूर आहेत, सगळेच मिरवत नाहीत.

बायकोच्या टोमण्यांसाठी इथले तयार शब्द देतो. चकाचक महागड्या पिकअपला ‘काउबॉय कॅडिलॅक’ म्हणतात (कॅडिलॅक म्हणजे इथली आलिशान मोटार). आणि जी कधी डांबर सोडून खाली उतरली नाही ती ‘पेव्हमेंट प्रिन्सेस’.

अनुवादवाली

‘डांबरावरची राणी’! हा टोमणा मी उचलला. पण मूळ शब्द अजून हाती नाही.

लासलगावकर

ताई, ‘टोमॅटोचे क्रेट’ म्हणून नाक मुरडू नका, आमच्याकडे पिकअपच घरची गाडी आहे. बाजार समितीत सकाळी कांदा ट्रॅक्टरनं येतो नाहीतर पिकअपनं. लिलाव झाला, खळ्यावर गाडी रिकामी केली, की त्याच पिकअपमध्ये घरातली खत-बियाणं, येताना पोराची सायकल. रात्री पावण्याला दवाखान्यात न्यायचं, तीच. लग्नाला हौद्यात सतरंजी टाकायची, फाळका लावायचा, वरून ताडपत्री. कायद्यानं मालगाडीत माणसं बसवायची नसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ‘वऱ्हाडाची पिकअप उलटली’ ही बातमीही दर लग्नसराईत येते. दुसरी गाडी परवडत नाही म्हणून ही माणसांचीही झाली. तुमच्या बँकवाल्याला परवडते म्हणून झाली. शब्द एक, पण त्याला आमच्या रांगेत बसवू नका.

दुसरं, आपल्याकडे पाटी बोलते. पिवळी पाटी म्हणजे धंद्याची, पांढरी म्हणजे घरची. पिकअप म्हटलं की पिवळी पाटीच दिसते. ताईंची अडचण तिथंच आहे.

चिंचवडकर

पांढऱ्या पाटीच्या पिकअपही आल्या की. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ ला, टोयोटाची हायलक्स २०२२ ला. हौशी लोक घेतात, डोंगरात नेतात. पण त्यांना कुणी ‘पिकअप आली’ म्हणत नाही, ‘व्ही-क्रॉस आली’ म्हणतात. सोसायटीच्या वॉचमननं ‘टेम्पो मागच्या गेटनं’ म्हणून हटकू नये, एवढी काळजी त्या नावात असावी!

आमच्या गावचं एक सांगतो. टाटांची १९८८ ची टाटामोबाइल २०६ ही पिकअप. तिच्याच पायावर त्यांनी १९९१ ला सिएरा उभी केली, मग इस्टेट, मग सुमो. अमेरिकेनं पिकअपच्या मागे हौदा ठेवून पुढे दिवाणखाना केला. इथे हौदाच काढला, वर छप्पर घातलं आणि नाव बदललं. म्हणून आपल्या भाषेत पिकअपला बढती मिळाली नाही, ती दुसऱ्या नावानं वर गेली.

मेलबर्नहून

ऑस्ट्रेलियात याला ‘यूट’ म्हणतात, युटिलिटीचं लघुरूप. इथली गोष्ट अशी सांगतात, की १९३२ च्या सुमारास व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डला पत्र लिहिलं : रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या लुइस बँट या तरुण आरेखकानं ती आखली, १९३४ ला बाजारात आली. म्हणजे इथे चर्च आणि डुकरं पहिल्या दिवसापासून एकाच गाडीत. म्हणून बँकेतला माणूस यूट चालवतो म्हटलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. त्या मूळ घाटाच्या, मोटारीसारख्या बसक्या यूट इथे बनायच्या २०१७ ला थांबल्या. आता बहुतेक थायलंडहून येणाऱ्या उंच, चार दारांच्या. नाव मात्र यूटच.

जुनी मोटार

मग ठरवू या. निवेदनात ‘पिकअप’ ठेवा, स्त्रीलिंगी, आणि पहिल्याच वाक्यात तिला चार दारं आणि कातडी सीटा द्या. वाचकाच्या डोळ्यांपुढचे क्रेट आपोआप खाली उतरतील. ‘मालवाहू’ कुठेही नको. तळटीपही नको, तळटीप आली की कथेला ब्रेक लागतो.

अनुवादवाली

असं चालेल? “त्यानं पिकअप काढली. चार दारांची, कातडी सीटांची, फाटकाच्या दोन्ही खांबांना जेमतेम न घासता निघणारी. मागच्या हौद्यात घेतल्यापासून एक पोतंही पडलं नव्हतं.” आणि बायको म्हणते : “तुझी पिकअप म्हणजे डांबरावरची राणी.”

ह्यूस्टनकर

निवेदन झकास. पण बायको ‘पिकअप’ म्हणणार नाही. तिच्या तोंडी ‘तुझा ट्रक’ घालाच. निवेदक पिकअप म्हणतो आणि ती मुद्दाम ट्रक म्हणते, हा टोमणा मराठी वाचकाला आणखी लागेल. तुम्ही ज्या दहाचाकीला भीत होता तो इथे कामाला येईल : “शाळेत सोडायला ट्रक लागतो तुला!” आणि ‘पोतं’ काढा, टेक्ससच्या उपनगरात पोतं कुठलं? ‘साधी फळीसुद्धा पडली नव्हती’ करा.

अनुवादवाली

फळी केली. ट्रकही घेतला. ‘हौदा’ की ‘ट्रॉली’?

लासलगावकर

हौदा. ट्रॉली ट्रॅक्टरला असते.