मदत हवी आहे: रामन स्पेक्ट्रममध्ये (पेशींवरून विखुरलेल्या लेसर-प्रकाशाच्या आलेखात) दिसतोय तो फरक पेशींचा की माध्यमाचा (पेशी वाढवायच्या द्रवाचा)?

प्रश्न
स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ आणि कर्करोग नसलेल्या एमसीएफ-१०ए पेशी. लेसर ५३२ नॅनोमीटर, पेशी कॅल्शियम फ्लोराइडच्या चकतीवर वाढवलेल्या, ४% फॉर्माल्डिहाइडमध्ये १० मिनिटं. पीसीएत (मुख्य फरक वेगळे काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) दोन गट स्वच्छ वेगळे पडतात, पण पुढच्या खेपेच्या पेशी दिल्या की गट ओळखणारं मॉडेल कोलमडतं. १४४० आणि २८५० प्रतिसेंमीचे लिपिडचे (मेदाचे) पट्टे सगळ्यांत जास्त हलतात.
माध्यम: एमसीएफ-७ ला डीएमईएम (तयार पोषक द्रव, ग्लुकोज ४.५ ग्रॅम/लिटर) + १०% एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम). एमसीएफ-१०ए ला डीएमईएम/एफ-१२ + ५% घोड्याचं सीरम, ईजीएफ (वाढ घडवणारं प्रथिन), इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन.

उत्तर १
घोळ माध्यमाच्या ओळीतच आहे. सीरम वेगळं म्हणजे पेशींना मिळणारी मेदाम्लं वेगळी, आणि ती थेंबांच्या रूपात पेशीत साठतात. इन्सुलिन मेद साठवायला लावतं, कॉलरा टॉक्सिन सीएएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू) वाढवतं. एवढं सगळं फक्त एकाच गटाला मिळतंय! मॉडेल कर्करोग ओळखतंय की जेवण, हे या मांडणीतून कळणारच नाही.
एमसीएफ-७ चा एक फ्लास्क १०ए च्या माध्यमात दोन-तीन पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) वाढवा आणि तो तिसरा गट धरा. पीसीएत तो १०ए कडे सरकला, तर तेवढा फरक माध्यमाचा. उलटा प्रयोग (१०ए ला ७ चं माध्यम) करू नका, १०ए ला ईजीएफशिवाय नीट वाढता येत नाही.
आणि २०० पेशी म्हणजे २०० नमुने नव्हेत, एक फ्लास्क हा एक नमुना. मॉडेल तपासताना अख्खी खेप बाजूला ठेवा.

उत्तर २
वरच्याशी सहमत. पेशींची घनताही बघा. चकती पेशींनी भरत आली की वाढ थंडावते, आरएनए कमी होतो, त्याचे ७८५ आणि ८१३ चे पट्टे लहान होतात. दोन्ही गटांच्या चकत्या ६०-७०% भरलेल्या असतानाच मोजा, आणि माध्यम बरोबर २४ तास आधी बदला.
माध्यमातलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य ५३२ ला चमकतं, पार्श्वभूमी उचलली जाते. म्हणून बरेच जण फिनॉल रेड नसलेलं माध्यम आणतात. एमसीएफ-७ च्या बाबतीत जपून: बाजारच्या फिनॉल रेडमधल्या अशुद्धींचा परिणाम इस्ट्रोजेनसारखा होतो आणि या पेशींत इस्ट्रोजेन-ग्राही (इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी प्रथिनं) असतात. मधेच माध्यम बदललंत तर पेशीच बदलतील. त्यापेक्षा तीनदा धुवा. चकती वाळवणार असाल तर शेवटचं धुणं ०.९% मिठाच्या पाण्याने, पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या खारट द्रावणाने) नको. वाळलेल्या फॉस्फेटचे पट्टे १०९० च्या आसपास लुडबुड करतात.

प्रश्नकर्ता
घोड्याच्या सीरममध्ये एमसीएफ-७ ची वाढ मंदावली तर?

उत्तर १
मंदावू द्या. दिवस मोजू नका, घनता जुळवा.