मदत हवी आहे : फोनवरून दुकानातला पीसी बाहेरून कसा उघडायचा?

दुकानातल्या पीसीवर टॅली आहे, विंडोज ११ प्रो. अँड्रॉइड फोनवरून रिमोट डेस्कटॉप दुकानाच्या वायफायवर मस्त चालतो, मोबाइल डेटावर गेलं की ठप्प. राउटरमध्ये वॅन आयपी (नेटवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला). त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने पीसीकडे वळवणं) उपयोग शून्य. तसंही रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट जगासमोर उघडा टाकायची माझी छाती नाही! नेटवाला स्टॅटिक आयपीचे (न बदलणारा स्वतःचा पत्ता) वेगळे पैसे मागतोय. नुसतं वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे दोन उपकरणांमधला सुरक्षित खाजगी मार्ग) घ्यावं तर बाहेर एखादा सर्व्हर भाड्याने घेणं आलं, म्हणून टेलस्केलकडे (वायरगार्डवरच चालणारी तयार सेवा) कल आहे. फोनवर कोणी रोज वापरतं का? बॅटरी फार खातं? आणि टॅलीला लागणाऱ्या एफ-कीज (F1 ते F12) फोनच्या कीबोर्डवर आणायच्या कुठून?